पोटाची गावकी

रघुतात्या शेलारांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिस्टर कुठे असतात हेही विचारलं नाही. आमच्या महाड-पोलादपूरकडे ही तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय कुणी कुणाला बसायला जागा देत नाही. तात्यांनी मात्र बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायची खूण केली आणि म्हणाले, "हां, बोला बाई. तुमचं मत काय? स्लीव का बायपास?"

मी आजूबाजूला पाहिलं. दवाखान्याच्या त्या अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या बाकांवर माझ्यासारखीच भरभक्कम माणसं बसली होती आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मधल्या स्टुलावर एक सुपारी ठेवलेली होती. मी चाचरत म्हटलं की मी आजच आलेय, मला अजून काही मत नाही. तात्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. "ऱ्हाऊ दे. आज नुसतं ऐका. पुढच्या बैठकीला मत द्या."

मी महाडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. बाईंच्या तासाला पृथ्वीचा गोल आणायची गरज नाही, असं पोरं माझ्यामागे म्हणायची आणि मला ते नीट ऐकू यायचं. त्याचं काही वाटत नव्हतं. पण गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, शाळेच्या जिन्यात दर वळणावर मी जुन्या नोटिसा वाचायला थांबू लागले, तेव्हा कुणीतरी या डॉक्टरांचं नाव सुचवलं. वजन कमी करायची ऑपरेशनं करणारे हे डॉक्टर पुण्याचे. महिन्यातून एका शनिवारी महाडला येऊन पेशंट बघायचे, ऑपरेशन मात्र पुण्याला. दहाची वेळ दिलेली असायची आणि घाट उतरून ते येईपर्यंत अकरा-साडेअकरा व्हायचे. तो मधला सगळा वेळ तात्यांचा.

डॉक्टरांनी मला समजावलं तेवढं सांगते, म्हणजे पुढची भांडणं कळतील. पोट लहान करण्याच्या दोन मुख्य तऱ्हा. एकीत जठराचा मोठा भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी एक नळी मागे ठेवतात. ती स्लीव. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्याच्या वाटेला जात नाही. तो बायपास. कुणाला काय बरं, हे तपासण्या करून डॉक्टर सांगतात. तात्यांच्या बाबतीत मात्र पहिल्याच भेटीत डॉक्टर सहज बोलून गेले होते की दोन्हींपैकी काहीही चालेलसं दिसतंय, विचार करा, ठरवा, मग तपासण्या करू.

शहरातला माणूस असता तर घरी जाऊन एकटाच विचार करत बसला असता. पण तात्या कुडपणचे. वर डोंगराच्या सपाटीवरचं गाव, शेती आणि गुरं. तिथे 'ठरवा' म्हटलं की बैठक बसते. देवळाची कौलं असोत, पाण्याची पाळी असो, की कुणाच्या म्हशीने कुणाची नाचणी खाल्लेली असो, मध्ये सुपारी ठेवायची, प्रत्येकाने बोलायचं, आणि सगळ्यांचं एकमत झालं की सुपारी उचलायची. हात वर करून मतं मोजणं तात्यांना मान्य नव्हतं. त्यात अर्धी माणसं रुसून घरी जातात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पोटाचा विषय निघाल्यावर त्यांनी दुसऱ्या महिन्यात पिशवीतून सुपारी आणली, स्टुलावर ठेवली आणि दवाखान्याची गावकी केली. काउंटरवरची मुलगी नंबर पुकारायची तेव्हा तिलाही ते हाताने थांबवत आणि म्हणत, "जरा दम खा गो, ह्यांचं बोलनं पुरं होऊ दे." त्यांचं एक पालुपद होतं आणि ते दर बैठकीत ऐकू यायचंच. "एकाच्या सांगन्यावर पोट फाडायचं नाय."

दिसायला तात्या म्हणजे एक कोडं होतं. उंचेपुरे, डोक्याला पांढरी टोपी, हातपाय रानात गुरांमागे धावणाऱ्या माणसाचे काटक, आणि मधोमध भलंमोठं पोट. जणू दुसऱ्या कुणाचं तरी पोट सांभाळायला घेतलंय. वजनकाट्यावर चढताना ते टोपी काढायचे, चपला काढायच्या, खिशातली तंबाखूची डबी काढायची, आणि मग काटा बघून काट्याकडेच दुखावल्या नजरेने पाहायचे.

बैठकीत दोन आळ्या पडल्या होत्या. बायपासच्या आळीचे पुढारी वसंतशेठ. महाडच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानातली भांडी पुराव्यादाखल आणायची त्यांना सवय. एकदा त्यांनी बाकावर एक कळशी आणि एक फुलपात्र मांडलं आणि सांगितलं की स्लीव म्हणजे या कळशीचं कापून कापून हे फुलपात्र करणं. सगळ्यांना पटलं. तात्यांनी कळशीत वाकून पाहिलं आणि कापलेला पत्रा कुठे जातो ते विचारलं. वसंतशेठ दुकानदारी सवयीने म्हणाले, "मोडीत."

"माझं पोट मोडीत?" तात्या म्हणाले. "जनमभर पोसलंय मी त्येला." वसंतशेठ बायपासवाले असल्याने खरं तर त्यांचा फायदाच झाला होता, पण त्यांनी कळशी आणि फुलपात्र घाईने पिशवीत भरलं.

स्लीवच्या आळीची पुढारी मी. दुसऱ्याच बैठकीपासून झाले, कारण मला वसंतशेठांचा आवाज सहन होत नव्हता. मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलले. स्लीवमध्ये आतड्याची जोडाजोडी नाही, मागे काही राहत नाही, बायपासमध्ये ते जुनं जठर आत तसंच बिनकामाचं पडून राहतं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले की हे तर मुंबईला गेलेल्या लोकांच्या घरासारखं झालं, दाराला कुलूप आणि आत कोळ्यांचं राज्य. "मंग बाई, गनपतीला तरी उघडतं का त्ये?"

मी नाही म्हटलं. "मंग बायपासचं बी विचार करूनच बोलायला होवं," तात्या म्हणाले आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला.

असं दीड वर्ष चाललं. बैठकीतली माणसं एकेक करून पुण्याला जाऊन ऑपरेशन करून येत होती. कुणी स्लीव, कुणी बायपास. तात्यांना न सांगता जात आणि परत आल्यावर मात्र त्यांच्यासमोर अपराध्यासारखी उभी राहत. तात्या रागवत नसत. उलट अशा माणसाला जवळ बसवून त्याची उलटतपासणी घेत. शिवथरची सुरेखा नावाची एक तरुण सून बायपास करून आली, तिला तर त्यांनी स्वतःची जागा दिली. मला वाटलं, विचारतील दुखलं का, टाके किती, वजन किती उतरलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पयला घास कवा घेतलास गो?"

सुरेखाने सांगितलं की आधी चमच्याने पाणी, मग नुसतं पातळ, मग पेजेसारखं, आणि चावायचा घास कित्येक आठवड्यांनी. तात्यांचा चेहरा पडला. "तवर कायच नाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. "समोर ताट ठेवलं तरी?" सुरेखा हसली, आम्हीही हसलो. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला ते हाच प्रश्न विचारत आणि दर वेळी तसेच खट्टू होत. आम्ही सगळ्यांनी मिळून, तात्यांच्या पाठीमागे आणि संपूर्ण एकमताने, ठरवून टाकलं की तात्यांचा जीव खाण्यात अडकलाय.

यात एकच गोष्ट बसत नव्हती. तात्यांना खाताना कुणी पाहिलेलं नव्हतं. आता लाज सोडून सांगते, वजन कमी करायला आलेली आम्ही माणसं डॉक्टरांची वाट बघून थकलो की पाळीपाळीने समोरच्या गाडीवर जाऊन वडे खाऊन यायचो आणि तोंड पुसत पुन्हा बैठकीत बसायचो. वसंतशेठ तर बायपास झाल्यावर मिळणार नाहीत म्हणून दोन खायचे. तात्यांना कितीही आग्रह करा, हात जोडायचे. "मला घरी जेवायचं हाय." चहासुद्धा अर्धा. वड्याकडे ते ज्या नजरेने बघायचे ती नजर मला ओळखीची होती. माझ्या वर्गातली मुलं वार्षिक परीक्षेच्या पेपराकडे तशी बघतात. त्यात हाव अजिबात नव्हती.

शिवाय बारा वाजत आले की तात्या उठायचे. बोलणं कुठेही आलेलं असो, पुढचा नंबर त्यांचाच असो, स्टुलावरची सुपारी पिशवीत टाकून ते पोलादपूरची गाडी गाठायला निघायचे. वसंतशेठ म्हणायचे, चाकूला घाबरतात. मीही तेच म्हणायचे, जरा जास्त तिखट शब्दांत. चार वेळा तरी आम्ही सगळे एका मताला आलो होतो आणि चारही वेळा तात्यांनीच काहीतरी शंका काढून बैठक मोडली होती. माझा संयम तसाही बेताचा, वर्गात तो संपतो.

एका शनिवारी डॉक्टर नेहमीपेक्षाही उशिरा आले आणि बोळातच त्यांना तात्या सापडले. हातातला तपासणीचा कागद बघून ते नेहमीसारखं हसले नाहीत. साखर फार वाढली होती, रक्तदाबही. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की तात्या, आता चालढकल नको, असंच चाललं तर एखाद्या दिवशी तुम्ही रानात पडाल आणि मग ऑपरेशन करायच्या अवस्थेतही राहणार नाही. तात्यांनी टोपी सारखी केली. "मी पडून चालनार नाय, डाक्टर," ते म्हणाले. "येवडी एक बैठक होऊ द्या." आणि बारा वाजत आले होते म्हणून निघून गेले.

त्यानंतर मी पुण्याला जाऊन माझं स्लीव करून आले. दोन-तीन महिने माझं जग म्हणजे एक वाटी आणि एक लहान चमचा होता. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की मोठा चमचा हातात धरायचाच नाही, तेव्हा मी भाचीच्या बारशाला आलेला चांदीचा चमचा मागून आणला आणि पर्समध्ये ठेवून जिथे जाईन तिथे तोच काढायला लागले. वाटीभर पातळ वरण संपवायला अर्धा तास. ज्या बाईने लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना पळवलंय तिला हे सोपं नव्हतं.

मी तपासणीसाठी पुन्हा महाडच्या दवाखान्यात गेले तर स्टूल मोकळं. तात्या आदल्या महिन्यातही आले नव्हते, वसंतशेठ सांगत होते. त्यांचा स्वतःचा बायपास होऊन गेला होता, आवाज मात्र कमी झाला नव्हता. दोघांनाही डॉक्टरांचं ते बोलणं आठवत होतं, पण तोंडाने कुणी काढलं नाही. तात्यांचा फोन लागत नव्हता. शेवटी वसंतशेठ म्हणाले, रविवारी गाडी काढतो.

पोलादपूर सोडून आम्ही आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलो, मग फाटा धरून वर. वाटेत वसंतशेठनी बायपासचे फायदे पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि वळणांमुळे मला उत्तर देता आलं नाही. कुडपणला पोचलो तेव्हा तात्या अंगणात म्हशीला पाणी पाजत होते. जिवंत आणि उभे बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना एकदम फैलावरच घेतलं. ते ओशाळं हसले. पोटही होतं तसंच होतं, किंचित जास्तच. फोन म्हशीच्या पाण्याच्या टाकीत पडलाय, म्हणाले. मग घरात बघून आवाज दिला, "सुभद्रा, पावनी हायत. ताटं वाढ."

सुभद्रा ही त्यांची धाकटी भावजय, शेजारच्याच घरातली. तिने ताटं मांडली आणि आतून एका बाईला हाताला धरून आणून तात्यांच्या समोर बसवलं. बारीक अंगाच्या, स्वच्छ नेसलेल्या, कपाळावर मोठं कुंकू. या पार्वतीकाकी, तात्यांच्या पत्नी. दीड वर्षात बैठकीत जगातल्या सगळ्या विषयांवर चर्चा झाली होती आणि तात्यांना बायको आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

काकींनी आम्हा दोघांकडे पाहिलं, ओळख नसताना हसतात तसं हसल्या. मग तात्यांकडे वळून काळजीने म्हणाल्या, "लय बारीक झालाव तुमी. खा वाईच."

वसंतशेठना ठसका लागला. तात्या हसले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि चार घासांत संपवली, गुराख्याची घाई असते तशी. काकी त्यांच्या गळ्याकडे एकटक बघत होत्या. घास खाली उतरताना दिसला तेव्हा त्यांनी आपल्या ताटातला तुकडा तोंडात घातला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मग नजर बाहेरच्या म्हशीकडे गेली, तिथेच रेंगाळली आणि परत आली तेव्हा तात्यांच्या रिकाम्या ताटावर पडली. हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला. "तुमी जेवलाव नाय अजून?"

"जेवलो गो," तात्या म्हणाले.

"ताटात कुठं काय हाय? तुमी जेवल्याबिगर मी कशी जेवू?" आणि त्यांनी आपली भाकरी उचलून तात्यांच्या ताटात टाकली.

तात्यांनी ती खाल्ली. काकींनी दोन घास खाल्ले आणि पुन्हा विसरल्या. सुभद्राने सवयीने आणखी एक भाकरी वाढली. तात्यांनी तीही खाल्ली. शेवटच्या भाकरीला ते ज्या नजरेने बघत होते ती मी वड्यांच्या गाडीसमोर पाहिली होती. असं करत करत काकींच्या पोटात कशीबशी एक भाकरी गेली. माझ्यासमोर वरणाची वाटी तशीच होती. मी पर्समधून चमचाही काढला नव्हता.

सुभद्रा काकींना हात धुवायला घेऊन गेली तेव्हा तात्या बोलले. तीन-चार वर्षांपासून काकी विसरायला लागल्या. आधी गायींची नावं, मग लेकीचं सासर, मग दिवस. मुलाने मुंबईला नेलं होतं, तिथे त्या गॅलरीत उभ्या राहून खाली गुरं शोधायच्या आणि तात्या नाहीत म्हणून पाणीसुद्धा घेईनात. तेव्हा परत आणलं. बाकी सगळं गेलं, पण लग्न होऊन आल्यावर सासूने लावलेली एक सवय राहिली. घरधन्याच्या आधी जेवायचं नाही. तो जेवला हे त्यांना आठवत नाही, म्हणून तो दर वेळी जेवायचाच राहिलेला असतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्यांना चार घास जावेत म्हणून तात्या तीन-तीन माणसांचं जेवत होते.

"तोंड हलवून फसवून बगितलं," तात्या म्हणाले. "पन ती गळा बगते. ताट मोकळं दिसलं की वाढते. आनि तुमी म्हनता ऑपरेशन झालं की घास नाय, कित्येक दिस नाय. मंग तवर ही काय खाईल? स्लीव असो नायतर बायपास, कुनी माज्या प्रश्नाचं उत्तर देईल म्हनून येत होतो मी. कुनी देईना, मंग यायचं सोडलं."

वसंतशेठ आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. ही गोष्ट बैठकीत का नाही सांगितली, असं त्यांनी विचारलं. तात्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं. बैठकीत माणूस आपल्या बायकोचं दुखणं काढत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे लोक हसतील, म्हणतील बायकोने खायला घालून घालून फुगवला. "तिला बोल लागला असता," ते म्हणाले. "तिनं आपलं काय चुकवलं नाय."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पण माझा स्वभावच असा की रडतानासुद्धा समोरच्याचं चुकलेलं गणित दिसतं. मी म्हटलं, तात्या, काकी गळा बघतात, घास नाही बघत. पाण्याचा घोट घेतला तरी गळा हलतो. आणि ताट मोकळं होतं कारण तुम्ही चार घासांत उरकता. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परभाषेत बोलतेय. हळू जेवणं ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला करताना पाहिलीच नव्हती. कुडपणला जेवायचं ते गुरं पुढे जायच्या आत.

मी पर्समधून माझा चमचा काढला आणि सुभद्राकडे वाटीभर ताक मागितलं. तात्यांनी चमचा दोन बोटांत धरला. "ह्यो तर बारशाचा हाय," ते म्हणाले. मी माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की हाच घ्यायचा, वाटी तोंडाला लावायची नाही, प्रत्येक घोट तोंडात घोळवायचा. काकींना पुन्हा समोर बसवलं. वाढलेलं ताट बघून त्यांनी हात मागे घेतला आणि तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी चमचाभर ताक घेतलं, घोळवलं, गिळलं. काकींचा हात भाताकडे गेला. तात्यांनी दुसरा चमचा घेतला. काकींची नजर म्हशीकडे गेली, परत आली, वाटीत ताक होतंच.

"तुमी जेवलाव?"

"जेवतोय गो," तात्या म्हणाले. "तू बी जेव."

ती वाटी संपायला अर्धा तास लागला आणि काकींनी ताटातला भात पुरता खाल्ला. सुभद्रा दाराच्या चौकटीला टेकून पदराने डोळे पुसत होती आणि वसंतशेठ तात्यांच्या गळ्याकडे एकटक बघत बसले होते, जणू तेच आजारी आहेत. मग तात्या उठले, आतून सुपारी आणली आणि आमच्या मध्ये जमिनीवर ठेवली. मी म्हटलं, करा. वसंतशेठ म्हणाले, करा. सुभद्राला कुणी विचारलं नव्हतं, तीही म्हणाली, करा. तात्यांनी सुपारी उचलली.

पुढचं सगळं डॉक्टरांनी एका वाक्यात संपवलं. तपासण्यांत पित्ताचा त्रास दिसला, तो स्लीवने वाढतो, साखर तर होतीच, तेव्हा बायपास. वसंतशेठ ते अजून मला दर भेटीत ऐकवतात. तात्यांसोबत पुण्याला तेच गेले. प्रश्न उरला तो इस्पितळातल्या दिवसांचा, आणि तो तात्यांनी नवीन फोन घेऊन सोडवला. कुडपणच्या घरात रेंज नाही, ती सपाटीच्या कडेला मिळते. जेवणवेळेला सुभद्रा काकींना हाताला धरून तिथवर नेई, चटई टाकी, ताट मांडी आणि फोन तांब्याला टेकवून उभा करी. पलीकडे पुण्याच्या खाटेवर तात्या, इस्पितळाच्या हिरव्या अंगरख्यात, टोपी घालून. नर्सने टोपी काढायला सांगितली तर म्हणाले, तिला वळख पटायला होवी. वसंतशेठ फोन धरायचे आणि तात्या मी देऊन टाकलेल्या बारशाच्या चमच्याने पाण्याचे घोट घ्यायचे. रेंज गेली की चित्र थांबायचं, तोंडाशी चमचा धरलेलं, आणि काकी हात मागे घेऊन वाट बघत बसायच्या. मग गळा हलायचा.

आता तात्यांची बैठक बंद झाली आहे. स्टुलावर काउंटरवरची मुलगी झाडाची कुंडी ठेवते आणि नवीन पेशंट आपापल्या फोनमध्ये बघत गप्प बसतात. मला तिथे करमत नाही. म्हणून तपासणीची तारीख नसली तरी मी अधूनमधून वसंतशेठांच्या गाडीने वर जाते.

परवा गेलो होतो. तात्यांचं पोट बरंच ओसरलंय, सदरा अंगावर झोळीसारखा झालाय. शेवटी त्यांचं धड त्यांच्या हातापायांना शोभायला लागलं. मी बायपासमधल्या त्या बंद घराची चौकशी केली तर पोटावर हात ठेवून म्हणाले की कुलूप हाय, पन गनपतीला उघडायचा इचार नाय. काकींचं मात्र आणखी थोडं हरवलंय. लेकीला त्या आता ओळखत नाहीत. तात्या सांगताना हसत होते, पण सांगून झाल्यावर उगीचच टोपी काढून पुन्हा घातली.

सुभद्राने ताटं मांडली. काकी समोर येऊन बसल्या, तात्यांकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "लय बारीक झालाव तुमी. खा वाईच."

"ऐकलाव बाई?" तात्या मला म्हणाले. "इतकी वर्सं म्हनतेय. आज खरं झालं."

मग त्यांनी बारशाचा चमचा उचलला, मऊ भाताची चार शितं तोंडात घेतली आणि सावकाश चावत बसले. काकींनी त्यांचा गळा हलेपर्यंत वाट पाहिली आणि आपली भाकरी मोडली.